आधी नाव, मग मूलद्रव्य

मूल जन्माला आले की बाराव्या दिवशी त्याचे बारसे करायचे, ही आपल्याकडची रीत. आधी मूल, मग नाव. रसायनशास्त्रातही साधारणपणे हाच क्रम असतो. कोणीतरी नवा पदार्थ वेगळा करतो, ते मूलद्रव्यच आहे याची खात्री करून घेतो, त्याचे गुणधर्म तपासतो आणि मग त्याला नाव देतो. परंतु आवर्तसारणीच्या दुसऱ्याच घरात बसलेल्या मूलद्रव्याच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. हेलियमचे नाव १८७१ साली जाहीर झाले आणि हेलियम पृथ्वीवर हाती लागला तो १८९५ साली. मधली चोवीस वर्षे नाव होते, पण ज्याचे नाव तो पदार्थ कोणीही बाटलीत भरला नव्हता की तराजूत तोलला नव्हता. ‘बाजारात तुरी’ या म्हणीची आठवण व्हावी, असाच हा प्रकार.

त्याच काळात, अगदी त्याच पद्धतीने आणखी एका मूलद्रव्याची चर्चा सुरू झाली आणि त्यालाही नाव मिळाले : कोरोनियम. हे नाव आज कोणत्याही आवर्तसारणीत सापडणार नाही. एक नाव टिकले, दुसरे पुसले गेले. असे का झाले? हा प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे. कारण नव्या मूलद्रव्याला नाव देणे म्हणजे नेमके काय करणे, हे त्यातून उलगडते. शिवाय या दोन्ही गोष्टींत आपल्या परिसराचा वाटा आहे. पहिलीत जमखंडी आणि विजापूर येतात, तर दुसरीत येते सोलापूर जिल्ह्यातले जेऊर. आम्ही ज्या भूममधून हे लिहीत आहोत, तेथून जेऊर सरळ रेषेत साठ किलोमीटरच्या आतच आहे.

ज्योतीतली पिवळी रेषा

स्वयंपाकाच्या गॅसच्या निळ्या ज्योतीत मिठाचे चार कण टाकले तर ज्योत क्षणभर पिवळी होते, हे आपण मुलांना दाखवतो. हा पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. तो प्रकाश लोलकातून पाहिला तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर फक्त एक तेजस्वी पिवळी रेषा दिसते. यंत्र चांगले असेल तर तिच्याच अगदी शेजारी शेजारी असलेल्या दोन रेषा होतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या तप्त वायूला अशा स्वतःच्या ठरावीक रेषा असतात. माणसाच्या बोटांचे ठसे जसे दुसऱ्याशी जुळत नाहीत, तसेच या रेषांच्या संचाचे.

जर्मनीतल्या बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी ही गोष्ट ओळखली, आणि नवी मूलद्रव्ये शोधण्याचे एक विलक्षण साधन शास्त्रज्ञांच्या हाती आले. अनोळखी रेषा दिसली की समजावे, येथे काहीतरी नवे आहे. चार वर्षांत चार मूलद्रव्ये सापडली आणि चौघांनाही रेषेच्या रंगावरून नाव मिळाले. आकाशी निळ्या रेषेवरून १८६० साली सीझियम. गडद तांबड्या रेषेवरून १८६१ साली रुबिडियम. कोवळ्या हिरव्या डहाळीसारख्या रेषेवरून त्याच वर्षी थॅलियम. आणि निळीच्या रंगाच्या रेषेवरून १८६३ साली इंडियम. या शेवटच्या नावाची कथा मुलांना जरूर सांगावी. ते शोधणारे राइख यांना रंग नीट ओळखता येत नसत, म्हणून रेषा पाहण्याचे काम त्यांच्या रिख्टर नावाच्या सहकाऱ्याने केले. आणि ‘इंडिगो’ म्हणजे नीळ. हा शब्द आला ‘हिंदुस्थानातला पदार्थ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. आवर्तसारणीत भारताच्या नावाचे मूलद्रव्य नाही असे आपण म्हणतो, पण निळीच्या मार्गाने भारताचे नाव तेथे पोहोचलेले आहे.

ही चारही मूलद्रव्ये धातू होती आणि चौघांच्याही नावाचा शेवट ‘इयम’ असा होता. हा मुद्दा ध्यानात ठेवू. पुढे तो कामाचा आहे.

१८ ऑगस्ट १८६८

या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होते. चंद्राच्या गडद छायेचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरून जमखंडी, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण असा पूर्वेकडे गेला. भूम त्या वेळी निजामाच्या राज्यात होते आणि या पट्ट्याच्या उत्तरेला होते. तेथे ग्रहण खंडग्रासच दिसले असणार. खग्रास अवस्था पाच मिनिटांहून अधिक टिकणार होती आणि वर्णपटदर्शक हे नवे यंत्र प्रथमच अशा ग्रहणावर रोखता येणार होते. म्हणून फ्रान्सहून जान्सेन गुंटूरला आले. ब्रिटिशांच्या वतीने टेनंट गुंटूरला आणि हेग विजापूरला होते. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणला गेले. पटवर्धनांच्या संस्थानातल्या जमखंडीला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी यंत्र मांडले. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू.

महिना ऑगस्टचा, म्हणजे भर पावसाळ्यातला. जमखंडीला ढगांच्या फटीतून जे दिसले तेवढ्यावर काम भागवावे लागले. पण जे दिसले ते मोलाचे होते. सूर्यबिंब पूर्ण झाकले गेल्यावर कडेने तांबूस ज्वाळा दिसतात. त्या नेमक्या काय आहेत, हा वादाचा विषय होता. त्यांचा वर्णपट सलग नाही, त्यात सुट्या तेजस्वी रेषा आहेत, असे सर्वांनाच आढळले. म्हणजे या ज्वाळा तप्त वायूच्या आहेत. तांबडी आणि निळी रेषा हायड्रोजनची, हे ओळखता आले. याशिवाय एक ठळक पिवळी रेषा होती. पिवळी रेषा म्हटल्यावर सर्वांच्या मनात पहिले नाव आले ते सोडियमचे, आणि बहुतेकांनी ती रेषा सोडियमची किंवा सोडियमच्या जवळची म्हणून नोंदली. घाईच्या त्या पाच मिनिटांत बारीक मोजमाप करायला सवडच नव्हती.

रेषा इतक्या तेजस्वी होत्या की त्या ग्रहणाशिवायही दिसायला हव्यात, असे जान्सेन यांच्या लक्षात आले. दुसऱ्याच दिवशी भर उन्हात त्यांनी त्या पाहिल्या. इकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉक्यर हे गृहस्थ याच कल्पनेवर काम करीत होते. युद्धखात्यात कारकुनी करावी आणि उरलेल्या वेळात आकाश पाहावे, असा त्यांचा दिनक्रम होता. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनीही ग्रहणाशिवाय त्या रेषा पाहिल्या. जान्सेन आणि लॉक्यर या दोघांचीही वृत्ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे २६ ऑक्टोबरला, एकाच दिवशी आली.

फळ्यावरचे १४ मिलिमीटर

आता ग्रहणाची घाई राहिली नव्हती. लॉक्यर यांनी पिवळ्या रेषेची जागा शांतपणे मोजली. ती सोडियमच्या जागी नव्हती.

किती फरक होता? हे मुलांना दाखवण्यासाठी फळ्याचा उपयोग करता येतो. आपल्याला दिसणारा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. फळ्यावर ३ मीटर लांबीची आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला ४००, उजव्या टोकाला ७०० लिहा. म्हणजे एक नॅनोमीटरला एक सेंटिमीटर असे प्रमाण झाले. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर आहेत. म्हणून डाव्या टोकापासून १८९.० आणि १८९.६ सेंटिमीटरवर खुणा करा. दोन खुणांमध्ये ६ मिलिमीटर अंतर आहे. आता १८७.६ सेंटिमीटरवर तिसरी खूण करा. ही सूर्यावरची पिवळी रेषा. सोडियमच्या जवळच्या रेषेपासून ती फक्त १४ मिलिमीटर डावीकडे आहे. तीन मीटरच्या फळ्यावर १४ मिलिमीटर! वर्गाच्या शेवटच्या बाकावरून या तिन्ही खुणा एकच वाटतात. ग्रहणाच्या पाच मिनिटांत निरीक्षकांना तसेच वाटले, यात नवल नाही.

मग ही रेषा कोणाची? लॉक्यर यांनी एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाबरोबर प्रयोग केले. हायड्रोजनचा दाब आणि तापमान बदलून पाहिले, पण पिवळी रेषा काही केल्या येईना. पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात पदार्थाशी ती जुळेना. अखेर लॉक्यर या निष्कर्षावर आले की हे सूर्यावरचे नवे मूलद्रव्य असावे. ग्रीक भाषेत सूर्याला ‘हेलिऑस’ म्हणतात, त्यावरून हेलियम. फ्रँकलंड यांचे मन मात्र पूर्णपणे घेत नव्हते. हे नाव लोकांसमोर आले ते १८७१ साली एडिंबरा येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात, अध्यक्ष विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्या भाषणातून.

नावाचा शेवट पाहा : ‘इयम’. वर्णपटावरून सापडलेली आधीची चारही मूलद्रव्ये धातू होती, तसे हेही असेल असे लॉक्यर यांनी धरून चालले. नावाच्या पहिल्या भागात पाहिलेली वस्तुस्थिती होती आणि दुसऱ्या भागात न पाहिलेला अंदाज.

याच १८७१ साली मेंडेलेयेव्ह यांनी काय केले, ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. आपल्या सारणीतल्या रिकाम्या घरांत पुढे कोणती मूलद्रव्ये येतील, त्यांचे गुणधर्म काय असतील, हे त्यांनी सविस्तर सांगितले. पण कायमची नावे दिली नाहीत. संस्कृतातला ‘एक’ हा अंक घेऊन त्यांनी हंगामी नावे केली : एक-ॲल्युमिनियम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन. पुढे १८७५ ते १८८६ या काळात ही तिन्ही मूलद्रव्ये सापडली आणि शोधणाऱ्यांनी त्यांना गॅलियम, स्कँडियम, जर्मेनियम अशी नावे दिली. घर राखून ठेवले आणि पाटी मात्र राहायला येणाऱ्यावर सोपवली, असे हे झाले. हेलियमच्या बाबतीत पाटी तयार होती, पण मेंडेलेयेव्ह यांच्या सारणीत तिच्यासाठी घरच नव्हते.

बाटलीत आलेला सूर्यवायू

१८९५ साली लंडनमध्ये विल्यम रॅमसे हे क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया करून निघणारा वायू तपासत होते. नुकताच सापडलेला आर्गॉन त्यात मिळतो का, हे त्यांना पाहायचे होते. वायूच्या वर्णपटात एक झळझळीत पिवळी रेषा दिसली. ती सोडियमच्या जागी नव्हती. रॅमसे यांनी वायूचे नमुने विल्यम क्रूक्स आणि लॉक्यर यांच्याकडे पाठवले. क्रूक्स म्हणजे थॅलियम शोधणारे. त्यांनी रेषेची जागा मोजली : ५८७.६. सूर्यावरची रेषा पृथ्वीवरच्या काचनळीत आली होती. स्वीडनमध्ये क्लेव्ह आणि लांगलेट यांनाही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हा वायू मिळाला.

हेच रॅमसे १९०० साली भारतात आले होते. जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी जागा पाहणे, हे त्यांचे काम. बंगळूरची शिफारस त्यांचीच.

आता हेलियम तोलता आला, आणि तो धातू नसून अतिशय हलका, कशाशीही संयोग न पावणारा वायू आहे हे कळले. १८९८ साली रॅमसे आणि ट्रॅव्हर्स यांनी त्याची भावंडेही शोधली : निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन. आर्गॉनसह या सर्वांचा शेवट ‘ऑन’ असा. सारणीच्या शेवटच्या स्तंभात वरून खाली वाचत जा. हेलियम एवढाच ‘इयम’ शेवटाचा. या घराण्याच्या रीतीप्रमाणे त्याचे नाव ‘हेलिऑन’ असायला हवे होते. पण नाव रुळले होते, ते कोणी बदलले नाही. (‘हेलिऑन’ हा शब्द आज हेलियम-३ च्या अणुकेंद्रासाठी वापरतात.) मुले पाठांतर करताना या वेगळ्या शेवटाशी अडखळतात. अशा वेळी त्यामागचे कारण सांगितले तर पाठांतराचे ओझे कमी होते.

जेऊरची हिरवी रेषा

आता कोरोनियमकडे वळू. ७ ऑगस्ट १८६९ रोजी अमेरिकेतून दिसलेल्या खग्रास ग्रहणात यंग आणि हार्कनेस या दोघांना स्वतंत्रपणे सूर्याच्या प्रभामंडळात एक हिरवी रेषा दिसली. प्रभामंडळ म्हणजे ग्रहणात काळ्या बिंबाभोवती दिसणारे मोत्यासारखे तेज. ही रेषा वर्णपटातल्या एका ओळखीच्या रेषेवर, सुमारे ५३१.७ नॅनोमीटरवर बसते, असे त्या वेळी समजले गेले. ती ओळखीची रेषा लोखंडाची म्हणून नोंदलेली होती. पण मग लोखंडाच्या इतर अनेक रेषा का दिसत नाहीत, हे कोडे सुटेना. तेव्हा हेलियमसारखेच हेही नवे मूलद्रव्य असेल, असे अनेकांना वाटू लागले. प्रभामंडळाला ‘कोरोना’ म्हणतात, म्हणून कोरोनियम.

२२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा भारतात खग्रास ग्रहण आले. या वेळी छायेचा पट्टा कोकणातून ईशान्येकडे जात आमच्या या भागावरून गेला. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. मुंबई-पुण्याकडे प्लेगची साथ चालू होती, तरीही दूरदूरचे खगोलशास्त्रज्ञ आले. लॉक्यर स्वतः विजयदुर्गला आले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँपबेल यांनी जेऊरला तळ ठोकला. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही जेऊरलाच यंत्रे मांडली, आणि पुढे या निरीक्षणांचा स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला.

मधल्या तीस वर्षांत एक मोठा फरक पडला होता. आता वर्णपटाची छायाचित्रे घेता येत होती. ग्रहण दोन मिनिटांत संपले, तरी काचेवर उमटलेली रेषा नंतर महिनाभर मोजत बसता येत होती. या छायाचित्रांवरून हिरव्या रेषेची खरी जागा कळली : ५३०.३ नॅनोमीटर. पुन्हा फळ्याकडे चला. १३१.७ सेंटिमीटरवर जुनी खूण, १३०.३ वर नवी. फरक १४ मिलिमीटरच! हेलियमला सोडियमपासून वेगळे काढणारे अंतर जेवढे होते, जवळजवळ तेवढ्याच अंतराने कोरोनियमची रेषाही लोखंडाच्या त्या रेषेपासून वेगळी निघाली.

म्हणजे कोरोनियमची बाजू आता बळकट झाली. रेषा खरी, जागा नेमकी, कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी न जुळणारी. हेलियमच्या बाजूने १८७१ साली याहून जास्त पुरावा काय होता? तीन वर्षांपूर्वीच हेलियम पृथ्वीवर सापडलेला होता, तेव्हा कोरोनियमही आज ना उद्या सापडणार असे वाटणे स्वाभाविक होते. विसाव्या शतकाच्या आरंभी खुद्द मेंडेलेयेव्ह यांनी हायड्रोजनहून हलके मूलद्रव्य म्हणून कोरोनियमसाठी जागा सुचवली.

मग फरक कशात पडला?

कोरोनियमच्या वाटेत दोन गोष्टी आल्या. पहिली १९१३ साली. मोसली यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले की प्रत्येक मूलद्रव्याला एक पूर्णांकी अणुक्रमांक असतो. हायड्रोजन १, हेलियम २, लिथियम ३. एक आणि दोन यांच्या मध्ये पूर्णांक नाही, आणि एकाच्या अलीकडेही घर नाही. कोरोनियमने राहायचे कोठे? आवर्तसारणीत मागाहून निष्क्रिय वायूंचा अख्खा स्तंभ बसवता आला होता, पण मोजणीच्या अंकांमध्ये नवा अंक घालता येत नाही.

दुसरी गोष्ट रेषेचा खरा मालक सापडण्याची. १९३९ ते १९४२ या सुमारास ग्रोट्रियन आणि एडलेन यांच्या कामातून कळले की ही रेषा लोखंडाचीच आहे! पण साध्या लोखंडाची नव्हे. ज्याच्या २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन निघून गेले आहेत, अशा लोखंडाच्या अणूची. इतके इलेक्ट्रॉन उडवायला दहा लाख अंश सेल्सिअसच्या घरातले तापमान हवे. सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग सुमारे ५५०० अंशांचा, आणि त्याच्या बाहेरचे प्रभामंडळ मात्र लाखो अंशांचे. प्रभामंडळ इतके कसे तापते, यावर आजही संशोधन चालू आहे. कोरोनियम गेला, पण जाताना हे सांगून गेला. जेऊरची मोजणी वाया गेली नाही. नाव चुकले होते, ५३०.३ हा आकडा बरोबर होता, आणि त्या आकड्यामुळेच पुढे खरा मालक ओळखता आला.

यातून आम्हाला शिकवण्यासारखा एक मुद्दा दिसतो. लॉक्यर हुशार होते आणि कोरोनियमवाले कच्चे होते, असे मुळीच नाही. दोन्हीकडे तर्क तोच होता : ‘ही रेषा ओळखीच्या कोणाची नाही, म्हणून ती नव्याची आहे.’ हा तर्क अपुरा आहे. ओळखीचा माणूस कधी न पाहिलेल्या वेषात आला तरी अनोळखी वाटतो. हेलियमचे नाव १८७१ साली दिले गेले, पण ते सिद्ध झाले १८९५ साली, पदार्थ हाती आल्यावर. मधल्या काळात तो एक दावा होता.

आजचे बारसे

म्हणूनच आज नाव देण्याचे काम एकट्या शोधकावर सोडलेले नाही. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राचा आंतरराष्ट्रीय संघ, म्हणजे आययूपॅक, आणि भौतिकशास्त्राचा तसाच संघ मिळून आधी दाव्याची छाननी करतात. शोध मान्य होईपर्यंत मूलद्रव्य अणुक्रमांकावरून केलेल्या हंगामी नावाने ओळखले जाते. ११३ व्या मूलद्रव्याचे असे नाव ‘उनउनट्रियम’ होते. मेंडेलेयेव्ह यांच्या ‘एक-सिलिकॉन’चाच हा नवा अवतार. शोध मान्य झाला की शोधकांना नाव सुचवायला सांगतात. ते नाव पाच महिने सर्वांच्या हरकतींसाठी खुले ठेवतात आणि मग कायम करतात. ११३, ११५, ११७ आणि ११८ या चार मूलद्रव्यांचे शोध ३० डिसेंबर २०१५ रोजी मान्य झाले, नावे जून २०१६ मध्ये जाहीर झाली आणि २८ नोव्हेंबर २०१६ रोजी कायम झाली : निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन, ओगानेसॉन.

नाव कशावरून घेता येते, यालाही मर्यादा आहे. पुराणकथेतली कल्पना, व्यक्तिरेखा किंवा आकाशस्थ वस्तू, खनिज, स्थळ, मूलद्रव्याचा गुणधर्म, किंवा शास्त्रज्ञ. शेवटही आता ठरलेला आहे. १ ते १६ या स्तंभांसाठी ‘इयम’, सतराव्यासाठी ‘ईन’, अठराव्यासाठी ‘ऑन’. म्हणून ११७ वे टेनेसीन आणि ११८ वे ओगानेसॉन. हेलियमच्या वेळी जे घडले ते आता घडू शकत नाही. कारण अणुक्रमांक कळल्याशिवाय मूलद्रव्य मान्यच होत नाही, आणि अणुक्रमांकावरून स्तंभ ठरतो.

आणखी एक नियम कडक वाटेल असा आहे. एखाद्या मूलद्रव्यासाठी वापरात येऊन नंतर बाद झालेले नाव दुसऱ्या मूलद्रव्याला देता येत नाही. याची झळ जपानला बसली. रॅमसे यांच्याकडे काम केलेले ओगावा यांनी १९०८ साली नवे मूलद्रव्य सापडल्याचे जाहीर करून त्याला ‘निपोनियम’ नाव दिले आणि ते ४३ व्या घरात बसवले. ते तेथले नव्हते. नंतरच्या तपासणीवरून असे दिसते की त्यांच्या हाती खरोखरच नवे मूलद्रव्य आले होते, पण ते ७५ वे होते. घर चुकले म्हणून दावा गेला. ७५ वे मूलद्रव्य १९२५ साली जर्मनीत शोधले गेले आणि ऱ्हेनियम झाले. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी मोरिता यांच्या चमूने २००४ ते २०१२ या काळात ११३ व्या मूलद्रव्याचे अवघे तीन अणू घडवले आणि ओळखले. तेव्हा देशाचे नाव द्यायचे तर ‘निपोनियम’ वापरता येईना. म्हणून देशाच्या दुसऱ्या उच्चारावरून ‘निहोनियम’ झाले.

स्थळाचा मान

मुले हमखास विचारतात, ‘सर, मग भूमच्या नावाचं मूलद्रव्य का नाही?’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. स्वीडनमधल्या इटर्बी नावाच्या लहानशा गावावरून चार मूलद्रव्यांना नावे मिळाली आहेत : इट्रियम, इटर्बियम, टर्बियम, अर्बियम. गाव लहान की मोठे, हा प्रश्नच नव्हता. तेथल्या खाणीत मिळालेल्या खनिजातून या मूलद्रव्यांचा माग लागला, हे कारण. आपल्या तालुक्यातल्या कुंथलगिरीचे नाव पेढ्याला लागले ते पेढा तेथे होतो म्हणून. मूलद्रव्याच्या नावातही स्थळ येते ते अशाच संबंधामुळे.

येथेच विजयदुर्गाचा विषय येतो. किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ आहेत. लॉक्यर यांनी १८६८ साली याच ओट्यांवरून हेलियम शोधला, असे पुष्कळदा सांगितले जाते आणि १८ ऑगस्टला तेथे हेलियमची आठवण जागवली जाते. आठवण जागवावीच. परंतु लॉक्यर १८६८ साली इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गला ते आले १८९८ च्या ग्रहणासाठी, हेलियम हाती लागून तीन वर्षे झाल्यावर. ज्या धड्यात आपण ‘नावाआधी पुरावा’ हे शिकवतो, त्याच धड्यात पुराव्याविना स्थळाला मान देणे बरे दिसत नाही. आणि त्याची गरजही नाही. जमखंडीला ढगांतून दिसलेल्या रेषा, गुंटूरला दुसऱ्या दिवशी भर उन्हात पाहिलेल्या रेषा आणि विजयदुर्ग-जेऊरला मोजलेली हिरवी रेषा या आपल्या भूमीवरच्या नोंदी आहेत. त्या खऱ्या आहेत आणि पुरेशा आहेत.

वर्गात करण्यासारखे दोन उपक्रम सुचवून थांबतो. पहिला, वर सांगितलेला फळा : ३ मीटरच्या रेघेवर सोडियम, हेलियम आणि हिरव्या रेषेच्या दोन्ही खुणा मुलांकडून मोजून करून घ्याव्यात आणि सर्वांनी शेवटच्या बाकावरून त्या पाहाव्यात. दुसरा : जुन्या सीडीवर पडलेला वेगवेगळ्या दिव्यांचा प्रकाश पाहावा. साध्या बल्बचा पट्टा सलग दिसतो, सीएफएल दिव्याचा तुटक. सूर्याकडे मात्र थेट किंवा सीडीतूनही पाहू देऊ नये. त्यानंतर मुलांनी वहीत दोन रकाने आखावेत. पहिल्यात ‘काय दिसले’ आणि दुसऱ्यात ‘त्यावरून काय वाटते’ हे लिहावे. हेलियम आणि कोरोनियम दोघांसाठी हे रकाने भरून घेतले, तर १८९४ पर्यंत दोन्हींचे पहिले रकाने जवळपास सारखेच भरतात, हे मुलांच्या स्वतःच लक्षात येईल.